कडेला उरलेली तारीख

मृतांना करडे करायचे आणि जिवंतांना रंगात ठेवायचे, असे मंडळाच्या बैठकीत ठरले होते. सूचना डॉक्टर सतीश टिपणिसांची होती आणि ती कुणी नाकारली नाही. बैठकीला बसलेले बहुतेकजण अशा वयाचे होते की दोन्ही बाजूंना त्यांची माणसे जवळपास सारखीच होती.

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाला पन्नास वर्षे होत होती. डिसेंबरातल्या समारंभासाठी चाळीस मिनिटांची फिल्म होणार होती आणि ती लीड्सला बसून संकलक नकुल जोडणार होता. माझे काम त्याच्या आधीचे: जुनी छायाचित्रे पडद्यावर जाण्याजोगी करून देणे. कागदावरचे चित्र पडद्यावर तसेच्या तसे जात नाही. कागद आखूड असतो, पडदा रुंद. आधी चित्र स्कॅन करायचे, तेही गरजेपेक्षा खूप मोठे, म्हणजे नकुलने त्यावरून कॅमेरा सावकाश सरकवला तरी ते फुटत नाही. मग धूळ टिपायची, पिवळेपणा उतरवायचा, आणि शेवटी पडद्याच्या मापात बसेल असे कापायचे. कापताना दरवेळी काहीतरी जाते. कुणाचे पाय, छताला लावलेली माळ, टेबलाच्या टोकाशी ठेवलेला अर्धा लाडू. मूळ स्कॅन मी वेगळ्या फोल्डरमध्ये राहू देते. कापलेले कधी कुणी परत मागेल, अशी एक भीती मला पहिल्यापासून आहे.

दोनशे बारा छायाचित्रांचा खोका टिपणीसकाका स्वतः घेऊन आले. ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर माणसांना हलक्या आवाजात झोपवीत आल्यामुळे की काय, त्यांच्या बोलण्याला एक मऊ उतरण होती. वाक्याच्या शेवटी ऐकणाऱ्याचे डोळे मिटावेत अशी. यादी त्यांच्याच हातची होती. गेलेल्यांच्या नावाआधी ‘कै.’ आणि नावानंतर वर्ष. अशी एकेचाळीस नावे. सत्तेचाळीस क्रमांकाच्या छायाचित्रासमोर लिहिले होते: कै. सौ. शैला सतीश टिपणीस, १९८१.

“काकू?” मी विचारले.

“हं. सरळ चेहऱ्याचा हा एकच फोटो आहे तिचा.” त्यांनी पाकिटावर बोट ठेवले आणि काढले नाही. “ऋजुता, त्या कडा कापतेस ना तू? नकुल मीटिंगमध्ये सांगत होता. वरचं-खालचं जातं म्हणे.”

“थोडं जातं. पण घाबरू नका काका, डोकी शाबूत राहतील सगळ्यांची.”

“नाही, काप ना. पडद्याला शोभेल तसं काप.”

ते हसले. मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा, वीणाचा, फोन आला. ती लंडनमध्ये ईलिंगला राहते, शाळेत शिकवते, आणि त्यांना एवढी एकच आहे.

“हाय, ऋजुता? मी वीणा, टिपणीसांची. माझा मराठी जरा ब्रोकन आहे, सॉरी हं.”

“चांगलं आहे की. बोला ना.”

“‘बोला’ नको गं, आय फील एन्शंट. ऐक, बाबा म्हणाले बॉक्समध्ये आईची एक फोटो आहे, सरळ बघणारी. मी ती कधी बघितलाच नाही. आमच्या घरी फक्त दिवाळीचा आहे, त्यात ती चकल्या तळते आणि साइडला बघते. मी सात वर्षांची होते ती गेली तेव्हा. तिचा आवाज आठवतो मला. पण फेस… फेस येतच नाही. तू तो मोठा कर. फुल स्क्रीन. करशील?”

“करेन, वीणाताई.”

“आणि सगळ्यांच्या आधी मला दाखव. तीनशे लोकांमध्ये पहिल्यांदा बघितला ना, तर मी रडेन, आणि माझी मस्कारा वॉटरप्रूफ नाहीये.”

ती हसली, मीही हसले. रविवारी दुपारी दोनला वडिलांना घेऊन माझ्याकडे येईन, असे तिने ठरवले.

सत्तेचाळिसावे छायाचित्र मी गुरुवारी स्कॅनरच्या काचेवर पालथे ठेवले. पडद्यावर ते वरून खाली, ओळीओळीने उतरत गेले: आधी पांढुरके आकाश, मग एक बुटका कठडा, मग सिमेंटचे बाक आणि त्यावर बसलेली बाई. हळदीच्या रंगाची सुती साडी, खांद्यांवर तपकिरी शाल, हात मांडीत. ती थेट कॅमेऱ्यात पाहत होती. फोटो काढणाऱ्याने ‘हलू नका’ म्हणावे आणि ‘झालं’ म्हणायचे विसरून जावे, तशी ती बसली होती. खाली उजव्या कोपऱ्यात त्या काळच्या कॅमेऱ्यांनी उमटवलेली तारीख होती. विझत आलेल्या निखाऱ्यासारखे केशरी आकडे: ’८६ ५ १८.

असे आकडे मी वाचत नाही. माझ्या लेखी ते धुळीतच जमा असतात. मी चित्र पडद्याच्या मापात कापले. वरचे थोडे आकाश गेले, खालची पट्टी गेली, तिच्याबरोबर आकडे गेले. मग रंग काढला. हळद आधी राख झाली, मग शाल, मग चेहरा. करडे झालेले माणूस एका क्षणात दूर जाते. त्याच्यात आणि आपल्यात एक हवामान येऊन उभे राहते. फाइल जतन केली, बंद केली, आणि फोल्डरकडे पाहिले.

फोल्डरमध्ये ती पिवळ्या साडीत बसली होती. कोपऱ्यात तारीख.

याला कारण आहे आणि ते मला ठाऊक होते. प्रत्येक फाइल आपल्या पोटात स्वतःचे एक नखाएवढे चित्र बाळगते. फोल्डरमध्ये दिसते ते तेच. कधी मोठे चित्र बदलते आणि ते इवले चित्र बदलायचे राहून जाते. मी फाइल पुन्हा उघडली: करडी, तारखेविना. बंद केली: पिवळी, तारखेसह. यंत्र बंद करून चालू केले. उघडावे तर ती गेलेली असे, मिटावे तर असे. पाचव्या की सहाव्या वेळी मी ते आकडे वाचले.

शहाऐंशी. आणि यादीत एक्क्याऐंशी.

मी नकुलला फोन लावला.

“कॅमेऱ्यातली तारीख पाच वर्षं पुढे जाऊ शकते का रे?”

“मागे जाते. बॅटरी संपली की बिचारा थेट आपल्या जन्मतारखेला जाऊन बसतो. पुढे जायचं तर कुणीतरी बटणं दाबत बसायला हवं. का गं? भूत सापडलं?”

“असंच विचारलं.”

“सापडलं तर मागचं बॅकग्राउंड कापून पाठव, मला कुठेही ठेवता येईल.” तो आपल्याच विनोदावर खूश झाला. “आणि सगळं करडं करत बसू नकोस. राहिलं तर राहू दे, इकडे एका सेकंदाचं काम आहे ते.”

मग मी मूळ स्कॅन उघडला आणि चेहऱ्याच्या जवळ गेले. काकांच्या भिंतीवर मी पूर्वी पाहिलेल्या दिवाळीतल्या छायाचित्रात, चकल्यांच्या कढईवर वाकलेल्या शैलाकाकूंचे केस काळेभोर होते. इथे भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याची एक-एक रेघ निघाली होती. नाकावर चष्म्याचे व्रण होते. चष्मा फोटोपुरता काढून मांडीतल्या मुठीत धरला होता, त्याची एक काडी बोटांतून बाहेर आली होती. चेहरा कागदाचा असूनही त्याला वय होते, आणि ते वय यादीतल्या वर्षाच्या पुढे निघून गेले होते.

माझे वडील नागपूरला गेले ते करोनाच्या दुसऱ्या वर्षी. मी इथून फोनच्या पडद्यावर पाहत होते. त्यांचे शेवटचे म्हणून जे माझ्याकडे आहे ते त्या कॉलमधले थिजलेले एक चित्र, इतके लहान की ते कशाच्याच उपयोगाचे नाही. मी धंद्याने हे काम करते, आणि त्यांना मोठे करू शकत नाही. जवळ गेले की वडील चौकोन होतात. आणखी जवळ गेले की फक्त रंग. त्यांच्या नावाआधीचे ‘कै.’ मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ते चुकलेले असावे म्हणून मी काय दिले नसते! इथे एकाच्या यादीत ते चुकलेले असण्याची शक्यता माझ्यासमोर उजेडात बसली होती, आणि तिला राख करण्याचे काम माझ्याकडे होते.

शुक्रवारी दुपारी ट्रॅम धरून मी बीस्टनला काकांच्या घरी गेले. हॉस्पिटलच्या थांब्यावर गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली पोरे चढली, उतरली. नोव्हेंबरात हे शहर कुणी न सांगताच करडे होते. छपरे, आकाश आणि रस्ता यांच्यातला फरक फक्त ओलाव्याचा उरतो.

टिपणीसकाकांच्या बैठकीत भिंतीवर तो दिवाळीचा फोटो होता. बाजूला पाहणारा चेहरा, भोवती चंदनाच्या सालींचा हार, धुळीने काळसर झालेला. काका स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

“काका, सत्तेचाळीसच्या कोपऱ्यात तारीख आहे.”

“कापलीस ना?”

उत्तर इतके लगेच आले की ते प्रश्नाच्या आधीपासून तिथे असावे.

“कापली. पण वाचली.”

“त्या वेळचे कॅमेरे. काहीही तारखा यायच्या.”

“काकूंच्या भांगाजवळ पांढरे केस आहेत. या हारातल्या फोटोत एकही नाही.”

चहा कपाच्या बाहेर पडू लागला होता आणि ते गाळत राहिले होते. मी त्यांच्या हातून गाळणे घेतले. ते बैठकीत येऊन खुर्चीत बसले.

“अठरा मे,” ते म्हणाले. “वीणाचा वाढदिवस. बारा वर्षांची झाली त्या दिवशी.”

मी कप आणून त्यांच्यासमोर ठेवला.

“शैला गेली नव्हती गं. परत गेली होती. सांगलीला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची ती लग्नाआधी. इथे पाच हिवाळे घरात काढले. मी रोज दहा-दहा माणसांना बेशुद्ध करून यायचो, आणि घरी एक माणूस टक्क जागं. मला ते बघवायचं नाही. ती म्हणाली, मी जाते आणि वीणाला नेते. वीणाचा पासपोर्ट मी ठेवून घेतला. मला वाटलं, महिन्याभरात येईल.”

“आणि वीणाताई?”

“खिडकीत उभी राहायची. रोज एकच. आज येणार? आज येणार? एका संध्याकाळी मी म्हणालो, आई देवाघरी गेली. मला तिला फक्त झोपवायचं होतं, ऋजुता. त्या एका वेळेपुरतं. सकाळी काहीतरी नीट सांगू, असं ठरवलं होतं मी.” त्यांनी कप उचलला, तसाच ठेवला. “सकाळी तिने शेजारच्या जोशीबाईंना सांगितलं. दुपारी दारात मंडळ उभं. पंधरा कुटुंबं होती तेव्हा, सगळी आली. तेरा दिवस डबे आले. कुणी वरणभात, कुणी पिठलं. लेस्टरहून लोक आले. हा हार त्यातल्याच कुणीतरी आणला. मी सगळ्यांचे डबे खाल्ले. एकदा डबे खाल्ल्यावर माणूस कसं सांगणार?”

“कुणी विचारलं नाही? काय झालं, कुठे झालं?”

“तेव्हा सांगलीला फोन लावायचा म्हणजे दिवस जायचा. आणि दुःखाची चौकशी कुणी करत नाही. पाणी आणून देतात.”

“मग हा फोटो?”

“शहाऐंशीत पाकिटातून आला. मागे एक ओळ होती, ‘वीणाला दे.’ पेन्सिलने लिहायची ती सगळं. पुसता येईल असं.” त्यांनी कप दूर सारला. “मी पुसली.”

“आता कुठे आहेत काकू?”

“माहीत नाही.”

“आहेत का?”

“तेही माहीत नाही. मी पुन्हा पत्र टाकलं नाही, तिनेही नाही. असली तर शहात्तरची असेल.”

“मग यादीत ‘कै.’ कशावरून लिहिलंत, काका?”

या प्रश्नाला मऊ उतरण नव्हती. ती मी द्यायला हवी होती, असे नंतर वाटले. ते भिंतीवरच्या हाराकडे बघत राहिले.

“चव्वेचाळीस वर्षं लिहितोय,” ते म्हणाले. मग एकदम डॉक्टरांच्या आवाजात: “हे बघ. वीणाला चेहरा हवाय. चेहरा मिळेल तिला. तेवढ्यासाठीच दिलाय मी तो फोटो, नाहीतर कपाटातच राहिला असता. करडा कर, कड काप. बाकीचं आता कुणाच्या उपयोगाचं आहे?”

“करडा कालच केलाय. पण रंगीतही ठेवलाय, पूर्ण, तारखेसकट. रविवारी वीणाताई समोर असतील. तुम्ही सांगाल तो उघडेन. माझ्या मनाने कुठलाच उघडणार नाही.”

परतीच्या ट्रॅममध्ये मला कळत होते की मी धीट काहीच केले नव्हते. निवड त्यांच्या हातात ठेवून मी माझे हात धुतले होते. मी नाही म्हटले असते तरी नकुलने ती एका सेकंदात राख केली असती. आणि मीच फोन उचलून वीणाला सांगावे, तर कुठल्या अधिकाराने? मी कडा कापणारी बाई.

शनिवारी मी बाकीच्या चाळीस मृतांची कामे करू म्हणून बसले. प्रत्येक ‘कै.’पाशी हात थबकू लागला. हे खरेच गेले का? यांचे डबे कुणी खाल्ले? नाटकाच्या तालमीत हातवारे करणारे एक गृहस्थ, बाबागाडी ढकलणारी एक हसरी बाई. रंग काढण्याआधी मी त्यांची क्षमा मागू लागले, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. फोल्डरच्या कोपऱ्यात मात्र नखाएवढी पिवळी साडी होती आणि ती ढळत नव्हती. शेवटी मी चित्रे दिसणे बंद केले. रविवारसाठी मूळ स्कॅनही त्याच फोल्डरमध्ये आणला आणि नुसती नावे दिसू दिली. ‘४७ करडा’ आणि ‘४७ मूळ’. नावांना चेहरे नसतात एवढाच दिलासा.

रविवारी दोनला बेल वाजली. वीणाच्या हातात लेमन ड्रिझल केक होता, काकांच्या हातात काहीच नव्हते.

“स्टेशनवरून बाबा एक शब्द बोलला नाही,” वीणा कोट काढता काढता म्हणाली. “मी म्हटलं, बाबा, मी रडणार आहे, तुम्ही नाही. रिलॅक्स! बरं, कुठे बसू?”

तिला पडद्यासमोर बसवले. काका तिच्या मागे, खिडकीशेजारच्या खुर्चीत. फोल्डर उघडला. वीणाला मराठी वाचायला वेळ लागतो. ती बोट ठेवून अक्षरे जुळवत होती.

“फॉर्टी-सेव्हन… दोन आहेत? दोन का?”

मी मागे वळून काकांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. खाली रस्त्यावरून एक बस गेली आणि काच थोडी थरथरली.

“पहिला उघड,” ते म्हणाले.

मी करडा उघडला.

तो पूर्ण पडदा भरून आला. मीच केलेले काम होते, आणि चांगले झाले होते: आकाश मागे हटलेले, चेहरा पुढे. वीणा कितीतरी वेळ हलली नाही. मग तिने हात उचलला आणि पडद्याच्या अलीकडेच, हवेत थांबवला.

“शी हॅज माय चिन,” ती म्हणाली. “म्हणजे माझा तिच्यासारखा. बाबा, तुम्ही कधी बोलला नाही.”

“हं.”

“किती वर्षांची आहे इथे?”

“बत्तीस.”

“वाटत नाही. थकली आहे ती.” ती आणखी जवळ सरकली. “हात बघ. काय धरलं आहे? स्पेक्स? आईला स्पेक्स होता?”

वीणा उत्तरासाठी थांबली नाही. ती चेहऱ्यात होती. हनुवटीवरून तिची नजर गळ्यावर, तिथून खांद्यावर आणि पदरावर उतरत गेली. मग तिने अगदी साधे विचारले, लहान मूल विचारील तसे, उत्तर घरातच आहे अशा खात्रीने:

“बाबा, ही साडी कुठला रंगाची होती?”

पिवळा. एवढेच म्हणायचे होते. हळदी म्हटले असते तरी चालले असते. आठवत नाही म्हटले असते तरी वीणाने मान डोलावली असती, डोळे पुसले असते, केक कापला असता, आणि फिल्म डिसेंबरात लागली असती. खुर्ची करकरली. काका उठले होते. दोन पावले पुढे येऊन त्यांनी एक हात वीणाच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिला स्पर्श होणार नाही इतका जपून.

“ऋजुता,” ते म्हणाले, “दुसरा उघड.”

मी उघडला. आकाशाची वरची पट्टी परत आली, बाकाचे पाय आले, तिच्या साध्या चपला आल्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या, कारण पूर्ण चित्र या रुंदीला पुरत नाही. आणि मग हळद. वीणाने श्वास आत घेतला. तिला आधी फक्त रंग दिसला असावा. ती हसूही लागली होती. मग डोळे कोपऱ्यात गेले.

“एटी-सिक्स,” तिने वाचले. “फाइव्ह. एटीन. दॅट्स माय बर्थडे.” ती वळली. “बाबा, हा तारीख चुकीचा आहे ना?”

त्या वाक्यात विनवणी होती. तिने त्यांना दार उघडून दिले होते. आत जायचे आणि लावून घ्यायचे, एवढेच उरले होते.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “तारीख बरोबर आहे, वीणा.”

पुढचे सगळे त्यांनी उभ्यानेच सांगितले. पासपोर्ट, खिडकी, डबे, पुसलेली ओळ. मला सांगताना मधे मधे थांबले होते. तिला सांगताना थांबले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, पण माझे घर लहान आहे.

“ट्वेल्व्ह,” वीणाचा आवाज आला. “त्या दिवशी आपण बोलिंगला गेलो. तुम्ही मला रेड शूज घेतले. आणि ती… ती कुठेतरी बाकावर बसून फोटो काढत होती, माझ्यासाठी.” मग तिने विचारले: “आता आहे ती?”

“माहीत नाही.”

“तुम्ही बघितलंच नाही?”

“नाही.”

ती ओरडेल असे मला वाटले होते. ती स्वयंपाकघरात आली, नळाखाली पेला धरला, भरला आणि न पिता ओट्यावर ठेवला. मग खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर मागच्या अंगणांची रांग होती, चाके असलेले कचऱ्याचे डबे, ओल्या विटा. एक्कावन्न वर्षांची बाई कोपरे खिडकीच्या चौकटीवर टेकून उभी होती, आणि ती तिथे कशी उभी राहते हे तिच्या अंगाला पाठ होते.

“फोटो कोणी काढला असेल?” तिने मला विचारले. “शी इज लुकिंग अ‍ॅट समवन.”

“माहीत नाही, ताई.”

“मला ओरिजिनल दे.”

मी पाकीट दिले. तिने छायाचित्र काढून पालथे केले आणि प्रकाशात तिरके धरले. पेन्सिल पुसली जाते, पण दाबलेला कागद दबलेलाच राहतो. दोन शब्दांचे नुसते खड्डे होते. तिने त्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, डावीकडून उजवीकडे.

“लिस्ट कुठे आहे? त्यात ‘डेड’ कुठे लिहिलंय, दाखव.”

मी यादी आणली आणि ‘कै.’वर बोट ठेवले. तिने माझे पेन घेतले. ते अक्षर खोडले. मग पुढचे वर्ष खोडले. त्या जागी काहीच लिहिले नाही. वडिलांकडे न बघता कोट चढवला आणि एकटीच खाली उतरली. काका चार वाजेपर्यंत माझ्याकडे बसून होते. केक कुणी कापला नाही. चारला उजेड गेला तेव्हा मी त्यांना ट्रॅमपर्यंत सोडायला गेले. थांब्यावर ते म्हणाले, “आज तिला झोप यायची नाही,” आणि ते नक्की कुणाविषयी बोलत होते हे मी विचारले नाही.

सोमवारी नकुलचा फोन आला.

“अगं, सत्तेचाळीसचं काय? यादीत खाडाखोड आहे. करडी की रंगीत?”

“आहे तशी.”

“आहे तशी म्हणजे? जिवंत की गेलेल्या, एवढं सांग.”

“हात लावू नकोस, नकुल.”

“पूर्ण लावली तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. आणि खाली तो केशरी डाग दिसेल.”

“दिसू दे. वीणाताईंनी काल रात्री फोन करून तशीच लावायला सांगितलं आहे.”

“बरं बाई,” तो म्हणाला. “भूतच सापडलं म्हणायचं तुला.”

फोन ठेवून मी ‘४७ करडा’ ही फाइल काढून टाकली आणि फोल्डरमध्ये चित्रे पुन्हा दिसू दिली. नखाएवढी पिवळी साडी तिथेच होती. तिच्यावर टिचकी मारली. आत तीच उघडली: तेच बाक, तोच कठडा, कोपऱ्यात तीच तारीख. मांडीतल्या मुठीत चष्मा धरून ती समोर पाहत होती; कुणीतरी ‘झालं’ म्हणावे, म्हणजे हलता येईल, अशी.